आईच्या खोलीचा थर्मोस्टॅट कुठला?

घर घेतलं जूनमध्ये. जूनमध्ये घर बघताना माणूस स्वयंपाकघर बघतो, अंगण बघतो, शाळा किती लांब ते बघतो. हीटिंग कोण बघतं? घराची तपासणी करायला आलेल्या गृहस्थांनी बेसमेंटमधल्या बॉयलरवर टॉर्च मारला, एक थर्मोस्टॅट वर करून बॉयलर पेटतोय हे दाखवलं आणि सांगितलं, "तीन झोन आहेत, म्हणजे घराचे तीन भाग वेगवेगळे तापवता येतात, चांगलं आहे." बाहेर उकाडा मी म्हणत होता. आम्ही दोघांनी माना डोलावल्या आणि गॅरेज बघायला गेलो.

घर बॉस्टनच्या पश्चिमेला, गाडीने पाऊण तासावर. १९६८ सालचं, लाकडी, दुमजली. त्याआधी आठ वर्षं आम्ही अपार्टमेंटमध्ये काढली होती. तिथे भिंतीवर एकच थर्मोस्टॅट. वाढवला की जाळीतून भस्सकन गरम हवा यायची आणि पाच-दहा मिनिटांत घर ऊबदार. हीटिंगबद्दल आमचं ज्ञान तेवढंच.

इथे जाळ्या नाहीतच. भिंतींच्या तळाशी, जमिनीला लागून, पत्र्याच्या लांबलचक पेट्या. त्यांना बेसबोर्ड म्हणतात. आत तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या ओळीने ओवलेल्या. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळ्यांतून फिरवतो, पात्या तापतात, जमिनीलगतची गार हवा पेटीत खालून शिरते आणि गरम होऊन वरून निघते. पंख्याची घरघर नाही. पण नळी तापली की लांबते, आधाराच्या पट्ट्यांना घासते आणि टकटक आवाज करते. ऑक्टोबरच्या मध्यावर आई सांगलीहून आली, तेव्हा पहिल्याच रात्री तिने भिंतीतून ती चुकचुक ऐकली आणि सवयीने पलंगाच्या काठावर बोटं टेकवून "कृष्ण कृष्ण" म्हणाली. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत पाल तग धरत नाही हे तिला पटवायला दोन दिवस लागले.

आईला आम्ही तळमजल्यावरची मागची खोली दिली. गुडघ्यांमुळे जिना नको म्हणून. पूर्वी तिथे पडवी असावी, नंतर कुणीतरी भिंती आणि खिडक्या घालून खोली केलेली. तीन बाजू बाहेरच्या, जमीन बाकीच्या घरापेक्षा एक पायरी खाली. उजेड मात्र झकास. आई तिथे बसून वाती वळायची.

थर्मोस्टॅट तीन. एक तळमजल्यावर दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात, दुसरा वर जिना संपतो तिथे, तिसरा बेसमेंटमध्ये. आईने आल्या आल्या विचारलं, "यातला खरा कुठला?"

मी शहाण्यासारखं सांगितलं, "सगळेच खरे. खालचा खालच्यासाठी, वरचा वरच्यासाठी, बेसमेंटचा बेसमेंटसाठी."

या एका वाक्याने पुढे महिनाभर घोळ घातला.

आकडे समजायलाही आईला वेळ लागला. फॅरनहाइट हा प्रकार आमच्या सांगलीच्या घरी फक्त तापापुरता. १०० म्हणजे कणकण, १०२ म्हणजे डॉक्टर. भिंतीवर ६८ वाचून ती म्हणाली, "हा तर पार गार पडलाय." ६८ म्हणजे २० सेल्सिअस, इथे हिवाळ्यात घरात साधारण तेवढंच ठेवतात, असं सांगितल्यावर तिने सेल्सिअसचा आकडा ऐकून शालीची घडी मोडली.

नोव्हेंबर लागला आणि आईची खोली गार पडू लागली. दुपारी ती लवंडायची तेव्हा जास्त, आणि पहाटे तर विचारायलाच नको. तिने तक्रार केली नाही. "मला चालतंय गं, सांगलीत काय थंडी नसते?" असं म्हणायची. सांगलीत पहाटे बारा सेल्सिअस झालं तर पेपरात बातमी येते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. एकदा दुपारी मी चहा घेऊन गेले तर माकडटोपी, स्वेटर आणि त्यावर गोधडी घेऊन ती टीव्ही बघत बसलेली. कपाटावर एक साधं तापमापक ठेवून बघितलं. ५९.

मग मी खालचा थर्मोस्टॅट वाढवला. खोली खाली, म्हणजे खालचाच. ७० केला, ७२ केला, एका संध्याकाळी रागाने ७६ केला. नवरा दिवाणखान्यात हाफ पँटवर बसून घाम पुसत होता, आईची खोली ६०. एका टोकाला मे महिना, दुसऱ्या टोकाला पौष. आणि ७६ केल्याने घर लवकर तापेल हा समजही माझाच. गॅसची शेगडी मोठी केली की दूध लवकर उतू जातं, तसं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बॉयलरच्या वार्षिक तपासणीसाठी एक गृहस्थ आले. साठीचे, बोलके, चाळीस वर्षं हेच काम केलेले. मी त्यांच्यामागे बेसमेंटमध्ये उतरले आणि तासभर हलले नाही. त्यांनी हाकललंही नाही.

आधी त्यांनी मला बेसमेंटमधला जुना थर्मोस्टॅट दाखवला. गोल, पिवळट पडलेला, हनीवेलचा. हे गोल मॉडेल १९५३ साली बाजारात आलं, हेन्री ड्रायफस या नामांकित डिझायनरचं काम. वरचं झाकण ओढून काढलं तर आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी आणि तिच्यावर बसवलेली बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. कुपीत पाऱ्याचा थेंब. पट्टी दोन धातूंची असते, दोन्ही कमीजास्त प्रसरण पावतात, म्हणून गारवा वाढला की ती वळते आणि कुपी कलते. त्यांनी चकती हळूच फिरवली. थेंब घरंगळला आणि कुपीच्या टोकाशी असलेल्या दोन तारांना चिकटला. मागे बॉयलरकडे काहीतरी घुर्रकन सुरू झालं.

"झालं," ते म्हणाले. "एवढंच करतो हा. थेंब इकडे किंवा तिकडे. जोरात पेटव असं सांगायची यात सोयच नाही."

इतके दिवस मी ज्याला शेगडीची कळ समजत होते, तो नुसता दिव्याचा खटका निघाला. ७६ काय आणि ७० काय, पाणी तापायचं त्याच गतीने तापणार. फक्त बंद व्हायला उशीर होणार. इस्त्रीचं, गिझरचं असंच असतं हे मला कॉलेजपासून माहीत होतं. थंडीत हात भिंतीवर गेला की ते ज्ञान कुठे जातं कोण जाणे. या खटक्याची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथल्या कॉलेजात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग गार आहे की गरम हे बघायला शिपाई तास चालू असताना आत यायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा हलवायचा. या व्यत्ययाला कंटाळून त्यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट केला, त्याचं पेटंट १८८३ सालचं. तो काय करायचा, तर तळघरात घंटा वाजवायचा. झडप हलवायचं काम शिपायाकडेच. आमच्या भिंतीवरचे तिघेही त्याच घराण्यातले. घंटा वाजवणारे.

आता घंटा वाजल्यावर कुठला दरवाजा उघडतो, हे बघायचं होतं. बॉयलरमधून निघालेला जाड पाइप पुढे तीन पाइपांत फुटतो आणि प्रत्येकावर एक पितळी व्हॉल्व्ह, त्याच्या डोक्यावर काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. थर्मोस्टॅटकडून २४ व्होल्टचा निरोप आला की डबीतली छोटी मोटर व्हॉल्व्ह उघडते. तो पूर्ण उघडला की आतलं एक बटण दाबलं जातं आणि मग कुठे पंप आणि बॉयलरला निरोप जातो. डबीच्या बाजूला एक लिव्हर असतो. त्यांनी मला तो बोटाने ढकलायला लावला. व्हॉल्व्ह बंद असताना लिव्हरला स्प्रिंगचा ताण जाणवतो, मोटरने उघडलेला असेल तर तो ढिला हलतो. बोटाने कळतं कुठला झोन चालू आहे ते.

मी विचारलं, "यातला मागच्या खोलीचा कुठला?"

त्यांनी छताकडे बघितलं. मग टॉर्च घेऊन पाइपांमागे चालत गेले, मान वर करून, एखादा माणूस पतंगाच्या मांज्यामागे जातो तसे. बेसमेंटच्या मागच्या भिंतीशी थांबले आणि हसले. वरच्या मजल्यावरून परत येणारा पाइप तिथून खाली उतरत होता. त्याला कधीकाळी कापून दोन कोपरे जोडले होते आणि नळी भिंतीतून पलीकडे गेली होती. आईच्या खोलीत.

"ज्याने पडवीची खोली केली, त्याने सगळ्यात जवळचा पाइप पकडला. झोन भिंतींवर ठरत नाही, पाइपावर ठरतो."

म्हणजे आईची खोली तळमजल्यावर, पण हीटिंगच्या हिशेबात ती वरच्या मजल्यावर होती. आणि दिवसभर वर कुणी नसतं म्हणून मी वरचा थर्मोस्टॅट रोज सकाळी आठ वाजता ६० वर आणून ठेवत होते. झोपताना ६२. बचत! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्लाच आहे की दिवसातले आठ तास ७ ते १० अंशांनी कमी ठेवलंत तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. नवऱ्याने तो वाचून दाखवला होता आणि मी तो मन लावून पाळत होते. तो महिना आठवला की अजून ओशाळायला होतं.

त्या शनिवारी आम्ही सगळ्या घराचा नकाशा करायला घेतला. पद्धत साधी, फक्त वेळखाऊ. तिन्ही थर्मोस्टॅट ५५ वर आणायचे, म्हणजे सगळे बंद. मग एकच वाढवायचा, अर्धा तास थांबायचं आणि घरभर फिरून प्रत्येक बेसबोर्डला हात लावायचा. मग तो बंद, नळ्या गार होईपर्यंत थांबायचं, पुढचा. लेक वहीत लिहीत होती. खालचं न्हाणीघरसुद्धा वरच्या झोनवर निघालं. स्वयंपाकघरातला बेसबोर्ड कुठल्याच झोनमध्ये तापेना. तो नुसता पत्रा होता, आतली नळी कुणीतरी कपाटं करताना काढून टाकलेली. दिवाणखान्यात आम्ही सोफा बेसबोर्डला अगदी चिकटवून ठेवला होता, म्हणजे बरीचशी ऊब सोफ्याच्या पाठीला. तो वीतभर पुढे ओढला.

हाताला आणखी एक गोष्ट कळली. वरच्या झोनचं पाणी एकाच नळीतून रांगेने फिरतं. बॉयलरमधून निघताना ते १८० अंशांच्या आसपास, हात लावायची सोय नाही. आधी आमची खोली, मग लेकीची, मग पाहुण्यांची, मग न्हाणीघर, आणि शेवटी आईकडे. तिथे पोचेपर्यंत नळीवर हात ठेवून रामरक्षा म्हणता येईल इतकं कोमट. पंगतीत शेवटच्या पानावर पातळ आमटी यावी तसं. आणि ज्या खोलीला तीन बाहेरच्या भिंती, तिलाच नेमकी ही पातळ आमटी.

तपासणीवाल्यांना मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यांनी सुचवलेला उपाय मला फार आवडला. बेसबोर्डच्या पेटीला वरच्या बाजूला एक लांब झडप असते, ती मिटली की हवा अडते आणि खोलीला उष्णता कमी मिळते. "वरच्या खोल्यांच्या झडपा अर्ध्या मिटा. जिन्याजवळचा थर्मोस्टॅट उशिरा समाधानी होईल, झोन जास्त वेळ चालेल, आणि पाणी मागच्या खोलीत जास्त गरम पोचेल." ज्या यंत्राला फक्त आपल्या नाकासमोरचं कळतं, त्याच्या नाकासमोर जरा गारवा ठेवायचा. वरचा थर्मोस्टॅट दिवसरात्र ६७ वर ठेवला. काटकसर करायची ती खालच्या झोनवर. दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या कपाटावर ६६.

तरी वरचा थर्मोस्टॅट अधूनमधून वेड्यासारखा वागायचा. वारा सुटला की तो ६३ दाखवायचा आणि खोल्या भट्टीसारख्या तापायच्या. नवऱ्याने मोबाइलवरून चालणारा नवा थर्मोस्टॅट आणला होता, तो बसवायला जुना उघडला तर मागे भिंतीत रुपयाएवढं भोक, आणि त्यातून गार वाऱ्याची झुळूक थेट यंत्राच्या पाठीत. बोट धरलं तर लख्ख जाणवत होती. भोक पुट्टीने बुजवलं. भिंतीत आणखी एक न वापरलेली तार गुंडाळून ठेवलेली सापडली, हे नशीब. जुन्याला दोनच तारा पुरायच्या, नव्याला स्वतःच्या विजेसाठी तिसरी लागते. त्याच्या सेटिंगमध्ये हीटिंगचा प्रकार नीट निवडावा लागतो, गरम पाण्यासाठी ताशी तीन आवर्तनं. नाहीतर तो बॉयलरला उगाच चालू-बंद करत बसतो. एवढं करून मोबाइलचा उपयोग काय, तर नवरा ऑफिसातून घराचं तापमान बघतो. बदलत काही नाही. बघतो.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना डिसेंबरात खालचा मजला गार पडायला लागला. रोज नाही, अधूनमधून. संध्याकाळी सहा-सातपासून झोपेपर्यंत. बोळातला थर्मोस्टॅट ७३ दाखवायचा, म्हणून बॉयलर गप्प, आणि दिवाणखान्यात पाय गारठलेले. बॅटऱ्या बदलल्या. भिंतीतलं भोक बघितलं, नव्हतं. बेसमेंटमध्ये जाऊन लिव्हर ढकलला, व्हॉल्व्ह ठणठणीत.

वही अजून टेबलावरच होती. लेकीला नोंदी ठेवायचा नाद लागला होता. ती एका रात्री म्हणाली, "आई, हे गुरुवारीच होतं."

मी बोळात गेले. आईने देवघर तिथेच मांडलेलं, भिंतीशी, छोट्या टेबलावर, देवांचं तोंड पश्चिमेला यावं म्हणून. एरवी सकाळ-संध्याकाळ निरांजन, पाच मिनिटांचं काम. पण मार्गशीर्ष लागला होता. गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडायचा, पोथी वाचायची, आणि समई तिन्हीसांजेपासून रात्रीपर्यंत तेवत ठेवायची. पाच वाती. समईच्या बरोबर वर, दोन हातांवर, थर्मोस्टॅट. मी हात धरला तर ऊब सरळ वर चढत होती, त्याच्या पोटात. महालक्ष्मीच्या समईपुढे बसून तो घंटावाला सुखावला होता आणि सगळ्या मजल्याला उकडतंय असं बॉयलरला कळवत होता.

थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, साधारण पाच फुटांवर, ऊन, दिवा, टीव्ही, चूल यांपासून लांब असावा, असा नियम आहे. आमचा तसा होताही. आम्हीच त्याच्या खाली चूल मांडली.

"देव हलवायचे की ते यंत्र?" आईने विचारलं. नवऱ्याने यंत्राच्या बाजूने बोलायचा प्रयत्न केला. त्यासाठी भिंत फोडून तार लांबवावी लागेल हे लक्षात आल्यावर गप्प बसला. शेवटी आईनेच तोडगा काढला. मांडलेला घट मध्येच हलवायचा नाही, उद्यापनानंतर देवघर तीन पावलं बाजूला घेऊ. तोवर उरलेल्या दोन गुरुवारी मी खालचा थर्मोस्टॅट ७९ वर ठेवत होते. ऑफिसातून आल्यावर तो आकडा बघून हा घाबरून विचारायचा, "काय झालं?" मी म्हणायचे, "पोथी."

जानेवारीत एक आठवडा पारा ५ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे उणे १५ सेल्सिअस. त्या दिवसांत आम्ही रात्री कुठलाच झोन उतरवला नाही. एकदा मुद्दाम खालचा उतरवून बघितला होता, तर सकाळी तेवढे अंश परत चढायला अडीच तास लागले. पाण्याचं हीटिंग बैलगाडीसारखं, थांबवलं की पुन्हा वेग घ्यायला वेळ घेतं. शिवाय बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या नळीत पाणी थांबून राहिलं तर गोठून नळी फुटायची भीती, म्हणून घर बंद करून गावाला गेलो तरी ५५ च्या खाली उतरायचं नाही, हे त्या गृहस्थांनी दोनदा बजावलं होतं. त्या आठवड्यात आईच्या खोलीत ६७ अंशही पुरेनात, म्हणून तेल भरलेला विजेचा हीटर आणला. १५०० वॅटचा, म्हणजे ताशी ५१०० बीटीयू (इथलं उष्णता मोजायचं माप). बेसबोर्ड भरपूर गरम पाण्यावर फुटाला ताशी साडेपाचशे ते सहाशे देतो. म्हणजे चाकांवरची ती चार वितींची वस्तू नऊ फूट बेसबोर्डाच्या बरोबरीची. फक्त तो चालू असताना त्याच सर्किटवर दुसरं काही लावायचं नाही. आईने एकदा इस्त्री लावली आणि मागचं अर्धं घर अंधारात.

मार्चअखेर आई परत गेली. जायच्या आधी तिने प्रत्येक थर्मोस्टॅटखाली पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, बॉलपेनने, लोणच्याच्या बरण्यांवर लिहिते तशा अक्षरात. बोळातल्या पट्टीवर: "पुढच्या खोल्या. समई लांब." बेसमेंटमध्ये: "पारा आहे. हात लावू नये." जिन्याजवळ: "वरचं सगळं, खालचं न्हाणीघर, माझी खोली."

मागच्या खोलीला स्वतंत्र चौथा झोन करता येईल, वेगळा व्हॉल्व्ह, वेगळी नळी, खोलीतच थर्मोस्टॅट, असं ते तपासणीवाले म्हणाले आहेत. काम उन्हाळ्यात करायचं, बॉयलर बंद असताना. आई पुन्हा ऑक्टोबरात यायची आहे. आज जूनची १४ तारीख. नवरा अंगणात गवत कापतोय, आणि मी अजून फोन केलेला नाही.